वस्त्रगाळ

घरात मासे पाळणाऱ्या माणसाकडे पाहुणा आला की तो काचेच्या पेटीपुढे उभा राहतो, हात मागे बांधतो, आणि मासे कुठले, किती, खातात काय, यातले काहीही न विचारता पहिला प्रश्न टाकतो, "पाणी किती दिवसांनी बदलता हो?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यामागचा खरा प्रश्न आता मला न विचारताच कळतो. पाहुण्याच्या स्वतःच्या घरीही एक पेटी असते. तिच्यातले पाणी चार दिवसांत ताकासारखे होते. "आमचं गढूळ का आणि तुमचं नितळ कसं?" असे सरळ विचारणे त्याला कमीपणाचे वाटते, एवढेच.

त्याचे उत्तर एका पिशवीत आहे. म्हणजे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे पिशवीत मावत नाही, आणि ते ठाऊक नसल्यामुळे आमच्याच इमारतीत एका दिवाळीच्या तोंडावर मासे मेले. तेव्हा दोन्ही अर्धे सांगतो.

आधी पिशवीबद्दल. आमची पेटी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच. काठोकाठ न भरता तिच्यात सुमारे ११० लिटर पाणी राहते. तीत चार गोल्डफिश आहेत. गोल्डफिश हा दिसायला राजबिंडा आणि वागायला अगदी खादाड मासा. दिवसभर तळची वाळू तोंडात घ्यायची, थुंकायची, आणि खाल्ल्याची पावती मागे सोडत हिंडायचे, हा त्याचा उद्योग. या सगळ्याचा बारीक गाळ पाण्यात तरंगत राहतो. खोलीतल्या कवडशात धुळीचे कण दिसतात ना, तसे पेटीच्या दिव्याखाली ते दिसू लागतात, आणि पाहुण्याला आपली पेटी ताकासारखी का दिसते ते कळते.

हे कण धरायला बारीक जाळीची पिशवी लागते. तयार मिळते, पण आमच्याकडची सौ.ने घरीच शिवली आहे. वीतभर रुंद, दीड वीत खोल, दुहेरी शिवण, दोरा नायलॉनचा. तोंडाशी भरतकामाची प्लॅस्टिकची रिंग घालून ती पेटीच्या कोपऱ्यात अशी टांगायची की काठ पाण्याच्या वर दोन बोटे राहील. कूलरमध्ये असतो तसला एक लहान पंप तळाशी ठेवायचा आणि त्याच्या नळीचे तोंड पिशवीत सोडायचे. पंप तळचे पाणी उचलतो, पिशवीत ओततो, पाणी जाळीतून बाहेर पडते आणि गाळ आत राहतो. पंपाच्या तोंडाला मात्र जाडसर जाळी हवी, नाही तर एखादे पिल्लू ओढले जाते. रात्री पिशवी लावली तर सकाळी पेटीत हवा भरली आहे की पाणी असा भास व्हावा, इतका फरक पडतो. नवख्या माणसाला तर ही जादूच वाटते.

खरी खुबी आहे ती कापडात. मच्छरदाणीच्या कापडाची भोके मिलिमीटरहून मोठी, त्यांतून सगळा गाळ वाजतगाजत पार होतो. मलमल चांगली बारीक, पण सुती कापड सतत पाण्यात राहिले की कुजते आणि आपणच घाण करते. तेव्हा नायलॉन किंवा पॉलिएस्टरच हवे. या धंद्यात भोकांचे माप मायक्रॉनमध्ये सांगतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७०-८० मायक्रॉन जाड असतो. पेटीच्या पिशव्या बहुधा १००, २०० किंवा ३०० मायक्रॉनच्या येतात. माझे मत विचाराल तर घरच्या पेटीला २०० मायक्रॉन उत्तम. १०० ची पिशवी पाणी जास्त लखलखीत करते खरी, पण तितक्याच लवकर तुंबते, आणि मग माणूस माशांचा न राहता पिशवीचा नोकर होतो.

असले कापड स्क्रीन प्रिंटिंगचे सामान विकणाऱ्या दुकानात वारावर मिळते. लग्नपत्रिका छापायची जाळी फार बारीक पडते; सदरे-टीशर्टांवर छपाई करतात ती विरळ जाळी मागावी. मात्र कोरे कापड घ्यावे. छापखान्यातला वापरलेला तुकडा फुकट मिळतो म्हणून आणू नये, त्यातला रंग आणि रसायने माशांना मानवत नाहीत. असल्या बारीक जाळीचा वंश मोठा थोर आहे, बरे का. युरोपातल्या गिरण्यांत मैदा चाळण्यासाठी रेशमाची जाळी विणीत. एकोणिसाव्या शतकात समुद्राचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी तीच जाळी उचलली, तिच्या पिशव्या केल्या आणि डोळ्यांना धड न दिसणारे समुद्रातले जीव तिने गोळा केले. आमच्या कोपऱ्यातली पिशवी त्यांचीच धाकटी पाती.

आपल्याकडे वस्त्रगाळ हा शब्द घरोघर आहे. वैद्याचे चूर्ण वस्त्रगाळ, आणि आजीच्या काळी पाणीही फडक्यातून गाळल्याशिवाय माठात पडत नसे. या फडक्याची थोरवी सांगणारा एक प्रयोग मला फार आवडतो. बांगलादेशातल्या मतलब भागातल्या ६५ खेड्यांत रिटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना पिण्याचे पाणी जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून गाळून घ्यायला शिकवले. २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साडीने पाणी गाळणाऱ्या घरांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले. आता गंमत पाहा. पटकीचा जंतू एक-दोन मायक्रॉनचा आणि चार घड्या घातलेल्या साडीची भोके सुमारे २० मायक्रॉनची. म्हणजे जंतू एकेकटा आला तर साडीतून आरामात निसटेल. पण तो पाण्यातल्या बारीक किड्यांच्या अंगाला चिकटून राहतो, आणि ते किडे साडीत अडकतात. साडी जुनी हवी ती एवढ्याचसाठी, की धुऊन धुऊन तिच्या धाग्यांना लव सुटते आणि भोके आणखी लहान होतात. बोहारणीला द्यायच्या साडीची अशी किंमत कोणी केली नसेल!

पण याच प्रयोगातून फडक्याची मर्यादाही कळते. भोकाहून मोठे असेल ते अडेल, लहान असेल ते जाईल. पेटीतल्या पाण्याची प्रत्येक गढूळता गाळाची नसते. नवी पेटी मांडली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाण्यावर दुधाळ सायीसारखी छटा येते. ती अब्जावधी जंतूंची असते. पिशवी तिथे हात टेकते. खाणे कमी घालावे आणि आठ-दहा दिवस धीर धरावा, छटा आपोआप जाते. लोक धीर धरत नाहीत, पाणी ओतून देतात, नवे भरतात, पुन्हा छटा येते, पुन्हा ओततात. पेटी खिडकीत उन्हाला ठेवली तर पाणी हिरवे होते; ते शेवाळाचे सुटे कण, पिशवीतून हसत निघून जातात. त्यावर उपाय पिशवी नव्हे, पडदा. आणि पेटीत शोभेचे लाकूड ठेवले असेल तर पाणी कोऱ्या चहासारखे पिवळसर होते, ती विरघळलेली रंगछटा. माशांना तिचा काही त्रास नाही. आपल्या डोळ्यांना खुपत असेल तर पिशवीत मूठभर प्रक्रिया केलेला कोळसा घालावा, तो रंग शोषून घेतो.

गढूळ पाण्याचे हे दुखणे काचपेटीइतकेच जुने आहे. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८५० च्या सुमारास एका भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही लांब पात्यांची पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा आणि माशांनी तो घ्यावा, असा सगळा हिशेब. हिशेब बरोबर होता, पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळले. त्याने गाळणी लावली नाही. त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, पाणी निवळले आणि संसार सुरळीत चालू लागला. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे दालन उघडले, आणि आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते १९५१ साली. वडिलांचे बोट धरून तिथे काचेला नाक लावलेल्या मुलांची एक पिढी आज आजोबा झाली आहे. वॉरिंग्टनची आठवण मला एवढ्यासाठी होते की घाण नजरेआड करण्यापेक्षा तिचे पुढे काय होते, याचा विचार त्याने केला.

आता उरलेले अर्धे उत्तर.

मासा पाण्यात नुसता शी करत नाही. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो. उरलेले खाणे आणि पिशवीत अडकलेला गाळ कुजूनही अमोनियाच होतो. हा अमोनिया पाण्यात विरघळलेला. त्याला रंग नाही, कण नाही, तो पाणी गढूळ करत नाही. जगातली कुठलीही जाळी त्याला धरू शकत नाही. आणि माशाला मारतो तो हाच. त्याचे कल्ले जळतात, पाण्यात प्राणवायू असूनही तो त्याला घेता येत नाही, आणि मासा वर येऊन तोंडाने हवा ओढू लागतो.

मग आपल्या पेट्यांतले मासे जगतात कसे? त्याचे श्रेय डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन जमातींच्या जंतूंना आहे. सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतल्या अशा जंतूंचे कोडे उलगडले. एक जमात अमोनिया खाते आणि नायट्राइट सोडते, तेही विषारीच. दुसरी जमात नायट्राइट खाते आणि नायट्रेट सोडते, ते बरेच सौम्य. आठवड्याला पाव पेटी पाणी बदलले की नायट्रेटचाही निकाल लागतो. हे जंतू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते वाळूला, काचेला आणि सगळ्यांत जास्त त्या काळपट, बुळबुळीत, पाहवत नाही अशा स्पंजाला चिकटून राहतात. नव्या पेटीत त्यांची वस्ती पुरेशी वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. नष्ट करायला एक चिमूट साबणाची भुकटी पुरे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका आहेत. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, बोलणे जवळजवळ गेले. मुलाने त्यांच्या खाटेसमोर दोन फुटी पेटी आणून ठेवली. मोली आणि गप्पी मिळून बारा मासे. सकाळी उठल्यावर काका ते मोजत आणि डाव्या हाताची बोटे दाखवीत. दोनदा पाच आणि मग दोन. काकू म्हणत, "हजेरी झाल्याशिवाय चहा घेत नाहीत."

२०२२ च्या दिवाळीआधी आम्ही आठ दिवस गावी गेलो होतो. आमच्याकडची पिशवी पाहून वरच्या वहिनींनीही तशीच एक शिवली होती, छान शिवली होती. दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा घरातल्या डब्यांबरोबर पेटीचाही नंबर लागला. सगळे पाणी ओतले. वाळू उकळत्या पाण्यातून काढली. काच घासली. काळा स्पंज साबणाच्या भुकटीत भिजवून गॅलरीत उन्हाला टाकला आणि त्याच्या जागी पिशवी टांगली. पाणी स्फटिकासारखे झाले. पाहुणे वाखाणू लागले. चौथ्या दिवशी दोन मासे मेले, पाचव्या दिवशी चार.

वसुबारसेच्या संध्याकाळी आम्ही परतलो. सामान खाली ठेवतो तोच वहिनी दारात. "भाऊजी, जरा वर येता? पाणी तर आरशासारखं आहे हो, पण मासे जातायत. आणि यांनी काल रात्रीपासून तोंडात घास घेतला नाही."

वर गेलो. पाणी खरोखरच आरशासारखे होते. उरलेले सहा मासे पृष्ठभागाशी लटकून तोंडे उघडझाप करीत होते. काका पेटीकडे पाहत नव्हते, भिंतीकडे पाहत होते. मी विचारले, "स्पंज कुठे आहे?" वहिनींनी तो गॅलरीतून आणून दाखवला. पांढराशुभ्र! त्यांच्या चेहऱ्यावर इतका प्रामाणिक अभिमान होता की मला काही बोलवेना.

अमोनिया तपासायचे थेंब माझ्याकडे असतात. परीक्षानळीतले पाणी पिवळे राहायला हवे, ते गडद हिरवे झाले. वहिनी नळीकडे पाहत राहिल्या. "पण दिसत तर काहीच नाही," त्या म्हणाल्या.

पुढचे दोन तास बादल्यांचे. अर्धे पाणी काढले. नळाच्या पाण्यातले क्लोरिन मारण्यासाठी त्यात हायपो घातला. जुन्या काळी फोटोग्राफर वापरत तोच हा हायपो, मासेवाल्याकडे थेंबांच्या बाटलीत मिळतो. पाणी पेटीतल्या पाण्याइतकेच कोमट करून हळूहळू सोडले. मग मी खाली येऊन आमच्या पेटीतल्या दोन स्पंजांपैकी एक उचलून नेला आणि, वाचकांनी क्षमा करावी, त्या लखलखीत पाण्यात तो दोनदा पिळला. काळे पाणी ढगासारखे पसरले. वहिनींनी तोंडाला पदर लावला. काकू म्हणाल्या, "अहो, हे काय करताय!" मी म्हटले, "काकू, हे विरजण आहे." विरजण म्हणताच दोघींनाही पटले, तोवर अमोनियावर केलेले माझे सगळे व्याख्यान फुकट गेले होते. पिळलेला स्पंज हवेच्या नळीला जोडून तिथेच ठेवला. पिशवीही ठेवली, मात्र रोज धुवायची या अटीवर. तीन दिवस खाणे बंद, आठवडाभर रोज पाव पेटी पाणी बदलणे चालू.

रात्रीत आणखी एक मोली गेली. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान उरकून मी वर डोकावलो तेव्हा काकांना उशीला टेकवून बसवले होते. त्यांनी मला पाहिले, पेटीकडे पाहिले, आणि डावा पंजा वर केला. पाच.

त्या पाचांतल्या गप्पींनी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पेटी पुन्हा भरून टाकली, आणि काकांना बोटे पुरेनाशी झाली.

तेव्हा पिशवी लावावी, जरूर लावावी, पण स्पंजाच्या जोडीला. पिशवी डोळ्यांसाठी, स्पंज माशांसाठी. पिशवीतला गाळ आपल्या नजरेआड झाला तरी पेटीतून गेलेला नसतो. केराची टोपली भरली म्हणून केर घराबाहेर जात नाही, तसेच हे. दोन-तीन दिवसांनी ती काढून उलटी करावी आणि नळाच्या धारेखाली धुवावी. साबण नको. उन्हात वाळवावी, तोवर दुसरी टांगावी. आतल्या पाण्याची पातळी पेटीतल्या पाण्याहून वर चढलेली दिसली की ती तुंबत आली असे समजावे. आणखी थांबलात तर काठावरून सगळा ऐवज परत पेटीत पडेल. स्पंज धुवायची रीत बरोबर उलटी. महिन्यातून एकदा, पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोन-तीनदा हलकेच दाबायचा. काळाच राहिला पाहिजे. नळाखाली धरायचा नाही, कारण नळातले क्लोरिन जंतू मारण्यासाठीच घातलेले असते आणि त्याला आपले-परके कळत नाही. वाळू धुवायची झालीच तर स्पंजाच्या दिवशी नको, दोन आठवड्यांनी. आणि खाणे दोन मिनिटांत संपेल इतकेच. गढूळ पेट्यांपैकी बहुतेकींचा गुन्हेगार खाण्याचा डबा असतो, पण आपल्याकडे पाहुण्याला आणि माशाला आग्रह केल्याशिवाय गृहिणीला चैन पडत नाही.

वरच्या वहिनींनी त्यांच्या स्पंजाच्या नळीला एक चिठ्ठी चिकटवली आहे, "दिवाळीत हात लावू नये." आमच्याकडे निराळीच अडचण आहे. धुऊन दोरीवर टाकलेल्या माशांच्या पिशव्या हुबेहूब चक्का बांधायच्या फडक्यांसारख्या दिसतात, म्हणून सौ.ने त्यांच्या तोंडाशी लाल दोरा घालून ठेवला आहे. श्रीखंड खायला आलेल्या पाहुण्यांना हे सहसा सांगत नाही.